जांभ्यातलं लोखंड

शितपकाका दगड चाटतात.

आमच्याकडे नवीन माणसाची ओळख करून घ्यायची तर आधी गाव विचारतात, मग आडनाव, मग मुंबईला घरचं कोण असतं ते. शितपकाका माझ्या चिरेखाणीवर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी यातलं काहीच विचारलं नाही. खाली पडलेला जांभ्याचा एक तुकडा उचलला, पँटला पुसला, जिभेला लावला, डोळे मिटले आणि म्हणाले, "बत्तीस टक्के. फार तर चौतीस."

मला वाटलं, टॅक्सवाल्यांपैकी कुणीतरी वेष बदलून आलाय. मी घाईघाईने खुर्ची पुढे केली.

"कसले टक्के, काका?"

"लोखंडाचे! हा दगड लाल कशाने झालाय असं वाटलं तुला? गंजाने. तू लोखंड विकतोस, चिरेवाले, आणि लोक त्याचे संडास बांधतात."

हे ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की खाणीत चिरे कापणाऱ्या गड्यांनी मशीन बंद केली. काका हळू बोलूच शकत नाहीत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी मध्य भारतातल्या एका मोठ्या पोलाद कारखान्यात काढली, तीही भट्टीच्या तोंडाशी. तिथे हळू बोललेलं कुणाला ऐकू येत नसे. निवृत्त झाल्यावर ते गावी परत आले, पालीच्या वरच्या अंगाला सड्याच्या उघड्या कातळमाळावर माझ्या खाणीला लागून त्यांनी घर बांधलं, आणि तेव्हापासून आमच्या सड्यावरच्या टिटव्या दुसरीकडे राहायला गेल्या आहेत. सामानाबरोबर त्यांनी तिकडून एक जुनी सायकलही आणली. आमच्या चढउतारावर ती कुणी चालवू शकत नाही, काकाही चालवत नाहीत. पण रोज सकाळी तिला तेल देतात आणि पुढच्या पडवीत उभी करून ठेवतात.

शाळेच्या पुस्तकात त्या भट्टीला झोतभट्टी म्हणतात. काका नुसतं भट्टी म्हणतात. आमच्या भागात हा शब्द ऐकला की लोकांच्या तोंडाला पाणी सुटतं, त्यामुळे सुरुवातीला काही मंडळी संध्याकाळी रिकाम्या बाटल्या घेऊन त्यांच्याकडे चक्कर टाकून आली. काकांनी त्यांना बसवून घेतलं आणि कच्च्या खनिजापासून पोलादापर्यंत सगळं समजावून सांगितलं. ती मंडळी पुन्हा फिरकली नाहीत.

काका दगडांचेच टक्के सांगत असते तर गावाने सहन केलं असतं. पण त्यांनी माणसांचेही सांगायला सुरुवात केली. आमच्या पोस्टमनला त्यांनी अठ्ठावन्न दिले, तो बिचारा हरखला. तलाठ्याला एकवीस. "एवढ्यावर भट्टी पेटवणं परवडत नाही, नुसता कोळसा जाईल." गावात कुणाची सोयरीक जमायची असली की मुलाकडचे काकांच्या घरावरून न जाता खालच्या पाणंदीने जाऊ लागले. मला त्यांनी चाळीस दिले होते. वर म्हणाले, "पण आधी धुवावं लागेल. कमी टक्क्याचं खनिज धुऊन घेतात, माती निघून जाते." त्या दिवशी मी सकाळी आंघोळ करून आलो होतो.

एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनात त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. बोलावणारे सरपंच. काकांच्या मागे व्यासपीठावर सरपंच, उपसरपंच, सोसायटीचे चेअरमन अशी सगळी वजनदार माणसं बसली होती. काकांनी माइक बाजूला सारला. त्यांना माइकची गरज नव्हती, माइकलाच त्यांची भीती वाटत असावी.

"मुलांनो," काका म्हणाले, "मातीत लोखंड एकटं नसतं. प्राणवायूबरोबर एकत्र कुटुंबात असतं. सातबारा दोघांच्या नावावर. सहजी वेगळं निघत नाही. मग काय करायचं? भट्टीत घालायचं आणि कोळसा नावाचा वकील द्यायचा. खालून गरम हवेचा झोत मारायचा. कोळसा पेटतो, त्याचा वायू होतो, तो वर चढताना प्राणवायूला फितवतो आणि घेऊन पळून जातो. लोखंड मोकळं होतं."

कोर्टाच्या खेपा घालून चपला झिजवलेले पालक एकदम सावरून बसले. विज्ञान एवढं सोपं करून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"आता राहिली दगडातली घाण. तिच्यासाठी चुनखडी टाकायची. चुना घाणीला मिठी मारतो आणि दोघांची मिळून मळी होते. लोखंड जड, ते खाली बसतं. मळी हलकी, ती वर तरंगते. खाली बसलेलं लोखंड पुढे पोलाद करायला जातं, त्याच्यातला जास्तीचा कोळसा जाळून टाकला की पोलाद. त्याचेच पूल होतात, आगगाड्या होतात. आणि मळी? मळी नेहमी वर असते." एवढं बोलून काका मागे वळले आणि व्यासपीठावरच्या मंडळींकडे त्यांनी शांतपणे एकेक करून पाहिलं. सरपंच टाळ्या वाजवत होते. उपसरपंचांनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं, मग वाजवायचे थांबले. तेव्हापासून सरपंच आणि काका यांच्यात बोलणं चालतं, पण ते फक्त टोमण्यांचं.

काकू पूर्णगडच्या. माहेर किल्ल्याच्या पायथ्याशी, भाऊ अजून तिथेच असतात. बाई एके काळी खटकेबाज असणार, कारण काकांसारख्या माणसाबरोबर एवढी वर्षं काढायची म्हणजे आवाजात काही दम हवाच. पण गावी आल्यावर त्यांना हळूहळू विसर पडत गेला. माहेरचं सगळं आठवतं. कारखान्याच्या वसाहतीतल्या शेजारणी नावानिशी आठवतात. नवराही आठवतो, फक्त समोर उभा असलेला हा म्हातारा म्हणजे तोच, हे पटत नाही. संध्याकाळ झाली की त्या गॅसवर आदण ठेवतात, तांदूळ धुऊन बाजूला निथळत ठेवतात आणि स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत उभ्या राहतात. तांदूळ काही आदणात वैरत नाहीत. पाणी आटतं, त्या परत ओततात, ते परत आटतं. गॅसची भीती म्हणून काका शेजारी उभे असतात. काकू त्यांना म्हणतात, "तुम्ही बसा ना. हे येतीलच आता ड्युटीवरून." काका म्हणतात, "बसतो." आणि आपल्याच घरात पाहुण्यासारखे टेकतात.

नवरा आल्याशिवाय काकू जेवत नाहीत, आणि नवरा काही येत नाही. दिवसा दोन घास जातात तेवढेच. पालीच्या डॉक्टरांनी काकांना स्पष्ट सांगितलं होतं की बाईंनी रात्रीचं जेवायला हवं, नाहीतर पावसाळा निघणं कठीण आहे. काकू खरंच वाळत चालल्या होत्या, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर जात होत्या. आणि अशा वेळी हा माणूस दगड चाटत फिरतो, असं आमच्या गावाचं मत पडलं. माझंही तेच होतं.

त्यात काकांचे एकेक उद्योग वाढत चालले. एका संध्याकाळी त्यांनी घराच्या मागे हॅलोजनचा भलामोठा लाल दिवा लावला. ना नवरात्र, ना शिमगा. लोक वाट वाकडी करून विचारायला गेले की काय कार्य आहे. दुसऱ्या दिवशी दिवा उतरवलेला. मग ऐन मार्गशीर्षात त्यांनी मागच्या अंगाला पालापाचोळ्याचा ढीग करून पेटवला. आमच्याकडे भाजावळ करतात ती उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी. मार्गशीर्षात भाजावळ करणारा माणूस गावाने पहिल्यांदाच पाहिला. "काका," मी कुंपणावरून ओरडलो, "भात कुठला लावताय, कातळावर?" काकांनी नुसता पाचोळा पुढे सारला. काका उत्तर देत नाहीत हेच नवल होतं, पण माझं तिकडे लक्ष गेलं नाही.

आणि मग त्यांनी जाहीर केलं की जांभ्यातून लोखंड काढून दाखवणार.

"सड्यावर?" सरपंचांनी विचारलं.

"सड्यावर."

"कदी?"

"होळीच्या आधी. या सगळ्यांनी. वर बसायला खुर्च्या ठेवतो."

कामाला सुरुवात झाली ती अर्थात माझ्यापासून. खनिज म्हणजे माझ्या खाणीतला चुरा. "तुझा कचरा आहे, मी उचलतोय, तू आभार मान," असं म्हणून त्यांनी तो नेला. भट्टी बांधायला चिरेही माझेच, आतून लिंपायला माती मात्र त्यांची. कोळसा लाकडाचा, लांज्याहून आणवला. चुनखडी आमच्याकडे कुठली? पण काकांनी पूर्णगडला मेहुण्यांना फोन केला आणि दोन दिवसांत तिसऱ्यांच्या आणि कालवांच्या शिंपल्यांची पोती टेम्पोतून येऊन पडली. "शिंपला म्हणजे चुनाच," काका म्हणाले. असेल. पण त्या शिंपल्यांतून सगळं मांस नीट खाल्लेलं नव्हतं. सड्यावरची सगळी कुत्री आठवडाभर काकांच्या अंगणात मुक्कामाला होती, आणि माझे गडी नाकाला फडकी बांधून चिरे कापत होते.

हवेसाठी माझ्या खाणीवरचा ब्लोअर. चिरे कापताना उडणारी धूळ घालवायला मी तो ठेवतो. तो देताना मी एकच गोष्ट विचारली. "काका, पुढे मोकळी जागा आहे, रस्ता आहे, लाइटचं कनेक्शन आहे. तुम्ही भट्टी मागे का बांधताय? तिथे कातळ उतरता आहे. शिवाय काकूंच्या खिडकीसमोर येतेय."

"मागेच," काका म्हणाले.

"पण का?"

"भट्टीवर पस्तीस वर्षं तू काढलीस की मी?"

मी वायर आणून दिली.

ठरल्या दिवशी सकाळपासून गाव जमलं. मुंबईकर सुट्टीवर आलेले होते, तेही मोबाइल काढून उभे. भट्टी म्हणजे पुरुषभर उंचीचं चिऱ्यांचं धुराडं, बुडाशी एका बाजूला हवेचं भोक, दुसऱ्या बाजूला मातीने बंद केलेली दोन भोकं, एक अगदी तळाशी आणि एक त्याच्या जरा वर. "खालचं लोखंडाचं, वरचं मळीचं," काकांनी सांगितलं. सरपंच खुर्चीत सरसावून बसले.

पेटवण्याआधी गाऱ्हाणं हवंच. गुरवाने नारळ ठेवला, हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या शितपाच्या लेकरानं सड्यावर भट्टी मांडलान हाय रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सगळे म्हणाले.

"त्येच्या दगडातलं लोकंड भायेर येऊं दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनि नाय आला, तर त्येचा डोका तरी थंड ऱ्हाऊं दे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" हा होकार आधीच्या दोन्हीपेक्षा मोठा झाला. सरपंचांचा आवाज त्यात वेगळा ऐकू आला.

"थंड म्हणू नका!" काका कळवळून ओरडले. "भट्टीसमोर थंड हा शब्द काढायचा नसतो! एकदा थंड पडली की आतलं सगळं गोठून बसतं, मग सुरुंग लावून फोडावी लागते!" गुरवाने देवाची माफी मागितली आणि वाक्य मागे घेतलं.

मग भट्टी पेटली. एक टोपली कोळसा, एक टोपली जांभा, दोन मुठी शिंपले, परत कोळसा. काका डोक्याला पंचा गुंडाळून शिडीवर उभे होते, आणि कोकणी माणूस अंगातून निघून त्यांच्या तोंडून कारखान्यातलं हिंदी बाहेर पडत होतं. "चार्ज मारो! हवा बढाओ! देखते क्या हो, फोटो बाद में!" भाजणाऱ्या शिंपल्यांच्या वासाने मुंबईकरांना भूक लागली.

दुपारी, जशी रोज जाते तशी, लाइट गेली. ब्लोअर बंद. काकांचा चेहरा असा झाला की हसणारे आपोआप गप्प बसले. "हवा!" ते ओरडले. "हवा तुटता कामा नये! कुणीतरी काहीतरी करा!" आणि मग आमच्या गावाने जे केलं ते अजून बऱ्याच मोबाइलांत आहे. बायकांनी घरोघरची सुपं आणली आणि मिळेल त्याने भोकासमोर वारा घालायला सुरुवात केली. घामाघूम झालेल्या सरपंचांच्या हातातही सूप होतं. "सरपंच," शिडीवरून काका म्हणाले, "निवडून आल्यापासून आज पहिल्यांदा कामाला आलात." तेवढ्यात मी खाणीवरचा जनरेटर ओढत आणला, आणि भट्टी वाचली.

दिवस कलायला लागला तेव्हा काकांनी पहार घेतली आणि तळाचं भोक फोडलं. सगळे पुढे वाकले. भोकातून धग आली. दुसरं काही आलं नाही. काकांनी पहार आत घालून ढोसलं, कान लावल्यासारखं केलं, परत ढोसलं.

"लोकंड कुटं हाय?" सरपंच म्हणाले.

"आत आहे. त्याचा गोळा धरलाय, पण पातळ झालं नाही. खऱ्या भट्टीत हवा तापवून सोडतात. तेवढी धग इथे नाही."

"म्हंजे नाय निघाला."

"नाही निघालं."

मग मात्र हसण्याला धरबंध राहिला नाही. कुणीतरी शिट्टी मारली. सरपंच उठले, धोतर झटकलं आणि साठवून ठेवलेलं वाक्य त्यांनी बाहेर काढलं. "काकानु, तुमच्या भट्टीत वर पन मळी आनि खाली पन मळीच!" टाळ्या पडल्या. गाव सुपं घेऊन घरी गेलं.

मी राहिलो, कारण ब्लोअर माझा होता. वायर गुंडाळायला घेतली तर काका म्हणाले, "चिरेवाले, हवा अजून थोडी चालू ठेव."

"आता कशाला? लोखंड तर नाही निघालं."

"मळी काढायचीय." ते आभाळाकडे बघत होते. "अजून उजेड आहे. जरा थांब."

माणूस सबंध गावासमोर तोंडावर आपटला होता, पण त्याचं त्यांना काही दिसत नव्हतं. मला त्यांची कीव आली आणि रागही आला. आत काकू खिडकीत येऊन उभ्या राहिल्या होत्या. गॅसवर आदण उकळत होतं, त्याची वाफ खिडकीतून दिसत होती.

अंधारून आलं तेव्हा काकांनी वरचं भोक फोडलं.

आधी एक पिवळा थेंब आला. मग ती दाट, पांढुरकी पिवळी धार लागली, उतरत्या कातळावरून संथ पसरत खाली गेली, आणि पसरता पसरता लाल झाली. उतार कशाला हवा होता ते मला तेव्हा कळलं. घराची मागची भिंत लाल झाली, माडाच्या झावळ्या खालून लाल झाल्या, वर धूर होता तोही लाल झाला. काकूंचा चेहरा खिडकीत लख्ख दिसला.

"अहो मिश्राभाभी!" काकूंनी वसाहतीतल्या शेजारणीला हाक मारली. केवढा खणखणीत आवाज! "मळी ओतली हो! तांदूळ वैरा, आली यांची शिफ्ट सुटत!"

आणि आत आदणात तांदूळ पडल्याचा आवाज झाला.

काका कातळावर उकिडवे बसले. मी त्यांना पहिल्यांदाच हळू आवाजात बोलताना ऐकलं. "आमच्या क्वार्टरची खिडकी भट्टीकडे होती. संध्याकाळी मळी ओतायचे, सगळं आभाळ लाल व्हायचं. वसाहतीतल्या सगळ्या बायका तेव्हाच तांदूळ वैरायच्या. भात होईपर्यंत आम्ही सायकलने घरी." मग म्हणाले, "लाल दिवा लावून बघितला. म्हणाली, कुणाचं लग्न आहे वाटतं. पाला पेटवला. म्हणाली, मेलं अवेळी कोण भाजावळ करतंय."

"आणि रोज सूर्य मावळतो तो?"

"जन्मभर खरी मळी बघितलीय तिनं. सूर्याला ती फसेल होय?"

एवढं बोलून ते उठले. पंचाने तोंड पुसलं, पण फार नाही, काजळी राहू दिली. घराला वळसा घालून पुढच्या पडवीतली सायकल काढली, हातात धरून रस्त्यापर्यंत नेली, आणि तिथून वळून घंटी वाजवत परत आणली. वायर हातात तशीच राहिली.

काकू दारात आल्या. त्यांनी काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"किती उशीर! हातपाय धुवा आधी. भात होतच आलाय." मग त्यांना मी दिसलो. "आणि या तुमच्या खलाशालाही बसवा. तिष्ठत काय ठेवलाय त्याला बाहेर?"

कारखान्यात हाताखालच्या मदतनिसाला खलाशी म्हणतात; मी खलाशी होऊन जेवायला बसलो. आमटी साधी होती. काका मान खाली घालून जेवत होते. काकूंनी त्यांना दुसऱ्यांदा भात वाढला आणि वाढता वाढता, रोज विचारत असाव्यात तसं सहज विचारलं, "आज लोखंड नीट निघालं का?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"निघालं," ते म्हणाले. "चांगलं निघालं."

"मग बरं झालं," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःचं ताट वाढून घेतलं.